वाचकांचे प्रश्न : वाफेची सिगारेट, कायदा आणि तलफ

सिगारेट सोडण्याविषयी या सदरात मागे लिहिले, त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी निम्मी पत्रे सिगारेटविषयी नव्हतीच. ती वेप किंवा ई-सिगारेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपकरणाविषयी होती. त्यामुळे या खेपेस बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून याच विषयावरची पत्रे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत आणि काही पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

माझा मुलगा दहावीत आहे. त्याची कंपासपेटी सापडेना म्हणून मी दप्तर रिकामे केले, तेव्हा तळाशी पेनड्राइव्हसारखी, पण थोडी जाड अशी एक वस्तू सापडली. तिला आंब्याच्या गोळीसारखा वास येत होता. विचारल्यावर तो म्हणाला, “आई, ही नुसती वाफ असते, यात तंबाखू नसतो, वर्गातल्या पुष्कळ मुलांकडे आहे.” त्याच्या वडिलांना अजून सांगितलेले नाही, कारण त्यांचा हात लवकर उठतो. मुलगा म्हणतो ते खरे आहे का, आणि मी आता काय करावे?
– एक आई, ठाणे

आपला मुलगा म्हणतो त्यातला एक तुकडा खरा आहे, आणि नेमक्या त्याच तुकड्यामुळे मुले फसतात. या उपकरणात तंबाखूचे पान नसते आणि काही जळतही नाही. आत एक छोटी बॅटरी, तारेचे वेटोळे, त्याला लागून कापसासारखी वात आणि वातीत मुरलेला द्रव एवढाच संसार असतो. झुरका घेतला की तार तापते, द्रवाचे बारीक तुषार होतात आणि ते फुप्फुसात जातात. पण हा द्रव पाणी नव्हे. त्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन हे दोन पदार्थ असतात, वासासाठी रसायने असतात आणि बहुतेक वेळा निकोटिन असते. सिगारेट ओढणाऱ्याला पुन्हा पुन्हा टपरीवर आणणारा पदार्थ तो हाच. तेव्हा ‘नुसती वाफ’ हा शब्दप्रयोग विकणाऱ्यांचा आहे, हे मुलाला शांतपणे सांगावे.

मुलांना ही वस्तू इतकी सहज का रुचते, हे समजून घेतले तर आपला अर्धा राग मुलावरून उतरेल, असे मला वाटते. आपल्या पिढीतल्या मुलाने चोरून पहिली विडी ओढली, तर तो खोकून बेजार व्हायचा आणि डोळ्यांत पाणी यायचे. शंभरातले काही जण तिथेच थांबायचे. घशाला होणारी ती खवखव म्हणजे शरीराने दारात बसवलेला राखणदारच होता. सुरुवातीच्या ई-सिगारेटमध्येही निकोटिनचे प्रमाण वाढवले की घसा धरायचा. २०१५ साली अमेरिकेत जूल हे उपकरण बाजारात आले आणि त्याने हा राखणदारच हटवला. निकोटिनमध्ये बेन्झॉइक आम्ल मिसळून त्याचा क्षार केला की निकोटिन बरेच असूनही झुरका मऊ लागतो. पाच टक्के निकोटिनच्या एका छोट्या पॉडमध्ये, म्हणजे द्रवाच्या कुपीत, सिगारेटच्या साधारण एका पाकिटाइतके निकोटिन असते, असे कंपनी स्वतःच सांगत असे. त्यात आंबा, पुदिना, काकडी असे स्वाद, आणि यंत्र असे की गणिताच्या वहीशेजारी ठेवले तर शिक्षकांना ते काय आहे याचा पत्ता लागू नये. परिणाम असा झाला की, २०१९ सालच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांतल्या २७.५ टक्के विद्यार्थ्यांनी मागील तीस दिवसांत ई-सिगारेट ओढल्याचे सांगितले. स्वादांवरील निर्बंध, विक्रीसाठी एकवीस वर्षांची वयोमर्यादा आणि कंपन्यांवरील खटले यांनंतर २०२४ मध्ये हाच आकडा ७.८ टक्क्यांवर आला. ही घट मुद्दाम सांगतो, कारण ‘आता मुले हाताबाहेर गेली’ असे म्हणून हात टेकण्याची वेळ आलेली नाही.

पंधरा-सोळा वर्षांच्या वयात मेंदूची जडणघडण चालू असते आणि ती साधारण पंचविशीपर्यंत चालते. लक्ष एकाग्र करणे, मोह आवरणे ही कामे करणारा भाग सर्वांत शेवटी पक्व होतो. त्या काळात मिळालेले निकोटिन सवय लवकर आणि घट्ट लावते. म्हणूनच प्रौढ माणसाने वेप वापरावे की नाही यावर जगभरचे तज्ज्ञ भांडत असले, तरी मुलांनी वापरू नये यावर कोणाचेच दुमत नाही.

आता काय करावे ते सांगतो. प्रथम, वडिलांना सांगावे, पण मुलासमोर नव्हे आणि त्याच रात्री नव्हे. मार खाल्लेला मुलगा वस्तू सोडत नाही. तो ती लपवण्यात तरबेज होतो. नंतर मुलाशी बोलताना ‘कोणी दिले’ या प्रश्नाने सुरुवात करू नये, कारण मित्राचे नाव फोडण्याची वेळ आली की तो दार लावून घेईल. त्याऐवजी किती दिवसांपासून, दिवसातून किती वेळा, आणि उठल्याउठल्या त्याची आठवण येते का, हे विचारावे. उठल्यापासून अर्ध्या तासात हवेसे वाटत असेल, शाळेत दोन तास गेले की चिडचिड होत असेल, क्रिकेट सोडून तो बाजूला जात असेल, तर सवय जडली आहे असे समजून डॉक्टरांकडे न्यावे. निकोटिनची गोळी आपल्या मनाने देऊ नये. चार-दोन वेळाच ओढले असेल, तर त्याच्याशी नीट बोलणे आणि आठवडाभर संध्याकाळी त्याच्या सोबत राहणे एवढे बहुधा पुरते. तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर आहे. सिगारेटच्या प्रत्येक पाकिटावर हा क्रमांक छापलेला असतो. तिथे पालकही बोलू शकतात.

एक बारीक गोष्ट राहिली. ती वस्तू ओल्या कचऱ्यात किंवा शेगडीत टाकू नका. तिच्यात लिथियमची बॅटरी आहे. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात ती द्यावी.

वय ४४. वीस वर्षांपासून रोज बारा ते पंधरा सिगारेटी ओढतो. चार वेळा सोडल्या, चारही वेळा पुन्हा धरल्या. माझा चुलतभाऊ इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. त्याला तिथल्या आरोग्यसेवेच्या केंद्रातून वेप मिळाले आणि त्यावर त्याची सिगारेट सुटली. दिवाळीत तो येणार आहे, तेव्हा माझ्यासाठीही आणतो म्हणतो. तिथले सरकार ज्याला औषधासारखे देते, त्यासाठी इथे तुरुंग, हे कसे? दोघांपैकी कोणाचे खरे मानायचे?
– एक वाचक, नाशिक

आधी व्यवहाराचे उत्तर देतो : भावाला आणू देऊ नका. आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची आयातही बंद आहे. सामानातून आणणे ही आयातच ठरते. त्या कायद्याचा भंग पहिल्यांदा केल्यास एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पुन्हा केल्यास तीन वर्षे आणि पाच लाखांपर्यंत. भावाची सुट्टी विमानतळावर अडकावी एवढी ती वस्तू मोलाची नाही.

आता मूळ प्रश्न. आपला भाऊ खोटे बोलत नाही. इंग्लंडमध्ये २०२३ च्या एप्रिलमध्ये दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना सिगारेटऐवजी वेपचा संच आणि समुपदेशन देण्याची योजना जाहीर झाली. त्यामागे पुरावा आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तिथल्या धूम्रपानमुक्ती केंद्रांत आलेल्या ८८६ जणांचे दोन गट केले होते. एका गटाला निकोटिनच्या पट्ट्या, गोळ्या वगैरे दिल्या, दुसऱ्याला ई-सिगारेट. समुपदेशन दोघांनाही सारखेच होते. वर्षाच्या शेवटी पहिल्या गटातील ९.९ टक्के आणि दुसऱ्या गटातील १८ टक्के लोक सिगारेटपासून दूर होते. अशा अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा निष्कर्षही त्याच दिशेचा आहे : निकोटिनच्या पट्टीवर किंवा गोळीवर शंभरातले सहा जण सुटत असतील, तर निकोटिनच्या ई-सिगारेटवर साधारण आठ ते अकरा सुटतात. कारणही समजण्यासारखे आहे. सिगारेटमध्ये माणसाला निकोटिन धरून ठेवते, पण मारतो तो जळण्यातून निघणारा डांबरासारखा चिकटा आणि कार्बन मोनॉक्साइड. जळणेच थांबले की विषांची मोठी फळी गळून पडते.

मात्र ‘९५ टक्के कमी घातक’ हा आकडा आपण कुठे वाचला असेल, तर तो जपून घ्यावा. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने २०१५ मध्ये तो प्रसिद्ध केला. पण तो प्रयोगशाळेत मोजलेला नव्हता. तज्ज्ञांच्या एका गटाने एकत्र बसून बांधलेला अंदाज होता आणि त्यावर तेव्हाच टीका झाली होती. सिगारेटची हानी पुरती कळायला कित्येक दशके लागली. वेप बाजारात येऊन अजून वीस वर्षांच्या आसपासच झाली आहेत. ‘सिगारेटहून कमी घातक’ या वाक्याच्या मागे मी उभा राहीन. ‘निर्धोक’ या शब्दाच्या मागे नाही.

आणि इंग्लंडची दुसरी बाजूही पाहू. २०२३ साली ब्रिटनमधील ११ ते १७ वयोगटातील मुलांच्या पाहणीत २०.५ टक्के मुलांनी कधी ना कधी वेप ओढून पाहिल्याचे आढळले. रंगीबेरंगी, एकदा वापरून फेकून देण्याचे स्वस्त वेप हे त्याचे मोठे कारण होते. अखेर १ जून २०२५ पासून असे एकदाच वापरायचे वेप विकण्यावर संपूर्ण ब्रिटनमध्ये बंदी आली. म्हणजे ज्या देशाने ते हातात दिले, त्यालाच ते मुलांच्या हातून काढून घेण्यासाठी कायदा करावा लागला. तेव्हा ‘कोण खरे’ या प्रश्नाचे उत्तर ‘कोणाविषयी बोलतो आहोत’ यावर अवलंबून आहे. आपल्यासारख्या चव्वेचाळीस वर्षांच्या, वीस वर्षे ओढणाऱ्या माणसाविषयी बोलताना ब्रिटिश डॉक्टरांचा हिशेब बरोबर ठरतो. ठाण्याच्या त्या पंधरा वर्षांच्या मुलाविषयी बोलताना तोच हिशेब उलटा होतो. ही दोन माणसे एकाच कायद्याच्या कलमात बसवायची असतात, म्हणून तर एवढा वाद.

पण आपल्या हातात वेप नाही, म्हणून उपाय नाही असे समजू नका. चार वेळा सुटली याचा अर्थ सोडता येते. टिकवण्याची सोय झाली नव्हती एवढेच. आपण पत्रात लिहिलेले नाही, पण बहुतेक जण पहिल्या तीन दिवसांत किंवा मग दोन-तीन महिन्यांनी, एखाद्या लग्नात ‘एकच’ म्हणून परत पडतात. निकोटिनअभावी होणारा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. त्या आठवड्यांसाठी औषध घेण्यात कमीपणा नाही. व्हरेनिक्लिन हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळते. सोडण्याचा दिवस ठरवून त्याच्या आठवडाभर आधी ते सुरू करतात आणि साधारण बारा आठवडे घेतात. मळमळ आणि रंगीत स्वप्ने या त्याच्या नेहमीच्या तक्रारी. ब्युप्रोपिऑन हे दुसरे औषध आहे, पण फिट येणाऱ्यांना ते चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये प्रौढांच्या तंबाखूमुक्तीसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत ही दोन्ही औषधे आणि निकोटिनच्या गोळ्या-पट्ट्या आहेत, ई-सिगारेट नाही.

निकोटिनची चघळायची गोळी, जिला सगळे ‘गम’ म्हणतात, ती औषधाच्या दुकानात सहज मिळते. पण मी पाहिलेल्या दहापैकी सात-आठ जण ती चुकीची खातात. ती च्युइंगमसारखी सतत चावली, तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जाते, उचकी लागते, जळजळ होते आणि माणूस म्हणतो, “डॉक्टर, ही मला सोसत नाही.” ती सावकाश दहा-पंधरा वेळा चावावी, जिभेला मिरीसारखी झणझण जाणवली की चावणे थांबवून गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यावी, झणझण गेली की पुन्हा चावावी, असे अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटे चहा-कॉफी घेऊ नये, कारण तोंड आंबट झाले की निकोटिन हिरडीतून शोषले जात नाही. आपली सिगारेट चहाबरोबरची असेल, आणि ती असतेच, तर हा क्रम फार महत्त्वाचा आहे : पंधरवडाभर टपरीवरचा चहा बंद, चहा घरी किंवा कार्यालयात बसून, आणि गोळी त्यानंतर पाव तासाने. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल, तर गोळीची मात्रा २ नव्हे ४ मिलिग्रॅमची लागते. ते डॉक्टरांना विचारून ठरवावे.

मी कायद्याचा विद्यार्थी आहे. ई-सिगारेटवर बंदी आणि सिगारेट मात्र प्रत्येक टपरीवर, ही सरकारची दांभिकता नाही का? सरकारी विमा कंपनीचे सिगारेट कंपनीत समभाग आहेत, हे खरे कारण नाही का?
– एक विद्यार्थी, नागपूर

विसंगती आहे, हे मान्य. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्राने वटहुकूम काढला, डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला, आणि त्यात उत्पादन, विक्री, साठा, वाहतूक, जाहिरात सगळे गुन्हा ठरले. सिगारेटला मात्र २००३ चा ‘कोटपा’ कायदा लागू आहे, आणि तो बंदीचा नव्हे, नियंत्रणाचा आहे. आयुर्विमा महामंडळाकडे आयटीसीचे मोठे भागभांडवल आहे, हेही सर्वज्ञात आहे. पण एवढ्यावरून हेतू सिद्ध होत नाही, हे आपल्याला परीक्षेत लिहावेच लागेल. बंदीच्या चार महिने आधी, मे २०१९ मध्ये, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आपल्या श्वेतपत्रिकेत संपूर्ण बंदीची शिफारस केली होती. ती शिफारस चुकीची वाटली तरी तिचा आधार भागभांडवल नव्हता. शिवाय जी वस्तू अजून पसरलेली नाही ती रोखणे सोपे आणि जिच्यावर विडी कामगारांची, तंबाखूच्या शेतकऱ्यांची घरे चालतात ती एका कलमाने बंद करणे अवघड, हा राज्यकारभाराचा जुना अनुभव आहे. सिन्नर, संगमनेर, सोलापूर इथल्या विड्या वळणाऱ्या बायकांना विचारावे.

या वादात एक मुद्दा क्वचितच मांडला जातो, तो मांडतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. त्यात धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के, आणि खाणारे, मिश्री लावणारे, मळून दाढेखाली ठेवणारे २४.४ टक्के; काही जण दोन्ही करतात, म्हणून बेरीज थोडी जास्त भरते. ब्रिटनचा युक्तिवाद असा आहे की, वेपमुळे काही मुले बिघडतील, पण लाखो धूम्रपान करणारे सिगारेटवरून हटतील, तेव्हा सौदा फायद्याचा. आपल्याकडे त्या तराजूचे दुसरे पारडेच हलके आहे. तळहातावर तंबाखू-चुना मळणारा माणूस बॅटरीचे, महागडे, चार्ज करावे लागणारे यंत्र हाती घेणार नाही. त्याचा कर्करोग तोंडाचा आहे आणि त्याला वेपचा काडीचा उपयोग नाही. वेप उघडे केले तर ते जाईल शहरातल्या महाविद्यालयाच्या फाटकापाशी. म्हणून बंदी ही आदर्श नसली तरी आपल्या राज्यापुरती ती मला चुकीची वाटत नाही.

तिची किंमत मात्र मोजावी लागते, आणि बंदीचे समर्थक ती सांगत नाहीत. बंदी आहे म्हणून वस्तू नाहीशी झालेली नाही. ती संदेशांच्या ॲपवरून घरपोच येते. तिच्यावर मात्रा लिहिलेली असली तरी तपासणारा कोणी नाही. ब्रिटनमध्ये मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅम निकोटिनची मर्यादा आहे, आपल्याकडे बंदी असल्यामुळे मर्यादाच नाही. सिंगापूरसारख्या कडक देशात २०१८ पासून बंदी असूनही वेपमधून एटोमिडेट हे भुलीचे औषध विकले जाऊ लागले आणि २०२५ मध्ये त्याला अमली पदार्थांच्या यादीत घालावे लागले. ऑस्ट्रेलियाने मधली वाट काढली : २०२४ पासून वेप फक्त औषधाच्या दुकानात, त्यातही साध्या वेष्टनात. आपली औषधांची दुकाने चिठ्ठीशिवाय काय काय देतात हे आठवले की ती वाट आपल्याला झेपेल का, याविषयी मी साशंक होतो.

आणि दांभिकतेवर उपाय म्हणून वेप खुले करण्यापेक्षा सिगारेटचा कायदा पाळायला लावणे मला अधिक तर्कशुद्ध वाटते. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकण्यावर बंदी घातली. आपल्या महाविद्यालयासमोरच्या टपरीवर खांबाला दोरीने बांधलेला लायटर लोंबकळतो आहे की नाही, ते एकदा पाहावे. पाकीट घेणाऱ्याला तो लागत नाही.

२०१९ मध्ये अमेरिकेत वेपमुळे लोक मेले, असे वाचले होते. मग ‘सिगारेटहून कमी घातक’ कसे म्हणता?
– एक वाचक, सोलापूर

फुप्फुसाच्या आजाराच्या त्या साथीत फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण रुग्णालयात दाखल झाल्याची किंवा मरण पावल्याची नोंद झाली, आणि मृत्यू ६८ होते. तपासात असे दिसले की, बहुसंख्य रुग्णांनी गांजातील टीएचसी हा पदार्थ असलेले, बेकायदा बाजारातून घेतलेले द्रव ओढले होते आणि ते घट्ट दिसावेत म्हणून त्यात ‘ई’ जीवनसत्त्वाचे ॲसिटेट मिसळले होते. खाण्यात निरुपद्रवी असलेला तो तेलकट पदार्थ फुप्फुसात जाऊन नाश करतो. नेहमीच्या निकोटिनच्या वेपवर हा ठपका ठेवणे बरोबर नाही. मात्र आपल्याकडे मिळणारे प्रत्येक वेप हे बेकायदा बाजारातलेच आहे, हे विसरू नये.

मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. आमच्या संस्थेच्या शाळेत दोन मुलांकडे वेप सापडले. संस्थाचालक मुलांना काढून टाका म्हणतात, शिक्षक म्हणतात एक व्याख्यान ठेवा आणि त्यात वेगवेगळी उपकरणे दाखवा. आपले मत काय?
– एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

दोन्ही नको. काढून टाकलेला मुलगा ज्यांनी त्याला वेप दिले त्यांच्याकडेच अधिक वेळ घालवेल. आणि सभागृहात उपकरणे मांडून दाखवणे म्हणजे चारशे मुलांपैकी ज्या तीनशे ऐंशी मुलांना त्यांची माहिती नव्हती त्यांना ती करून देणे. उपकरणे शिक्षकांना दाखवा, कारण हायलायटर आणि वेप यांतला फरक ओळखायची गरज त्यांना आहे. वेपचे तुषार काही क्षणांत विरतात आणि वास अत्तराचा वाटतो. मुलांशी बोलताना कर्करोगाची चित्रे बाजूला ठेवा. पंधराव्या वर्षी पन्नाशीतला आजार कोणालाच खरा वाटत नाही. ‘तुम्हाला गिऱ्हाईक करण्यासाठी आंब्याचा वास कोणी घातला’ हा प्रश्न विचारा. फसवले गेल्याचा राग त्या वयात पटकन येतो. मुलांना पुरवणारा प्रौढ कळला तर त्याची तक्रार मात्र पोलिसांकडे अवश्य करावी. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास कोटपा कायद्याने बंदी आहे, तेव्हा त्याच अर्जात फाटकाबाहेरच्या टपरीचाही उल्लेख करून टाकावा.

वय २९, संगणक क्षेत्रात नोकरी. मँचेस्टरला शिकत असताना वेपवर माझी सिगारेट सुटली, त्याला तीन वर्षे झाली. आता पुण्यात आहे. सिगारेटची आठवणही येत नाही, पण वेप सुटत नाही. ते उशीखाली ठेवून झोपते. इथे एका मुलाकडून मागवते. प्रत्येक वेळी वेगळ्याच नावाचे येते. पुढच्या वर्षी मूल होऊ द्यायचा विचार आहे. हळूहळू निकोटिन कमी करत जा, असे तिथल्या समुपदेशकांनी सांगितले होते, ते जमले नाही.
– एक वाचक, पुणे

सिगारेट सुटली, ही लहान गोष्ट नाही; ती आधी आपल्या खात्यावर जमा करा. आणि वेप सोडताना काहीही झाले तरी सिगारेटकडे परतायचे नाही, हे पहिले पथ्य.

आपल्यासारख्या पुष्कळ जणी आहेत. वर ज्या ब्रिटिश चाचणीचा उल्लेख केला, तिच्यातला दुसरा आकडा मी नाशिकच्या वाचकांना मुद्दामच सांगितला नव्हता, कारण तो आपल्यासाठी होता : ई-सिगारेटवर ज्यांची सिगारेट सुटली, त्यांपैकी ८० टक्के लोक वर्षाने ई-सिगारेट वापरतच होते, पट्ट्या आणि गोळ्यांवर सुटलेल्यांपैकी केवळ ९ टक्के लोक त्या वापरत होते. कारण सिगारेटला शेवट असतो. ती संपते, थोटूक टाकावे लागते, पुढची पेटवायला जागेवरून उठावे लागते. वेपला शेवट नाही; बैठकीत, गाडीत, अंथरुणात, कुठेही एक झुरका. त्यामुळे आपण दिवसात किती घेता ते आपल्यालाच सांगता येणार नाही, आणि जे मोजता येत नाही ते कमी करता येत नाही.

तिथल्या समुपदेशकांचा सल्ला तिथे योग्य होता, कारण तिथल्या बाटलीवर २० लिहिले असेल तर आत २० असते आणि मग १२, ६ असे उतरता येते. इथे प्रत्येक वेळी वेगळे नाव येते म्हणजे आपण कोणत्या पायरीवर उभ्या आहात हेच ठाऊक नाही. म्हणून मी आपल्याला वेगळा मार्ग सुचवेन. मात्रा ठाऊक असलेल्या निकोटिनवर, म्हणजे गोळीवर किंवा पट्टीवर, डॉक्टरांच्या सल्ल्याने यावे आणि तिथून दहा-बारा आठवड्यांत उतरावे. गोळीचेच व्यसन लागेल ही भीती अनेकांना असते. काही जण ती ठरल्यापेक्षा अधिक काळ खातात हे खरे, पण हिरडीतून निकोटिन इतके सावकाश मिळते की तिची ओढ झुरक्यासारखी नसते.

त्याआधी दोन आठवडे एवढेच करा : वेप उशीखालून काढून स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ठेवा आणि घ्यायचे असेल तेव्हा तिथे उभे राहूनच घ्या, खोलीत आणू नका. रात्री जाग आली की उठून जावे लागेल. बहुतेक वेळा तलफ पाच-सात मिनिटांत विरते, आणि स्टुलावर चढायचा कंटाळा तिच्याहून मोठा असतो. किती वेळा उठलात तेवढ्या रेघा कॅलेंडरवर मारा. पहिल्यांदाच आपल्याला आकडा मिळेल, आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. मूल होऊ देण्याचा विचार आहे हे त्यांना पहिल्याच वाक्यात सांगा, कारण औषध कोणते द्यायचे हे त्यावर ठरते. व्हरेनिक्लिन गरोदरपणात देत नाहीत. उलट्या दिशेने मोजून, गर्भधारणेचा विचार करण्यापूर्वी किमान तीन-चार महिने हातात राहतील अशी तारीख निवडा. त्या मुलाचा क्रमांक मात्र आजच पुसून टाका.